माफीच्या वावरातली दुसरी समाधी

विदर्भात घरातल्या जुन्या माणसांचा शोध बहुधा जात पडताळणीपासून सुरू होतो. आमच्याकडेही तसंच झालं. भाचीला इंजिनीअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, त्यासाठी भटक्या जमाती (ब) चं वैधता प्रमाणपत्र हवं होतं. म्हणजे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा आणि शपथपत्रावर वंशावळ. आम्ही दशनामी गोसावी, नावामागे गिरी लावणारे, घरबारी, म्हणजे संसार करणारे. दादाने वंशावळ लिहायला घेतली. मुलगी, तो स्वतः, बाबा, आजोबा, पणजोबा. पणजोबांचं नाव तेवढं माहीत होतं. ते कुठल्या गावचे, काय करायचे, कधी गेले, कुठे माती दिली, यातलं काहीच कुणाला सांगता येईना.

आमच्या समाजात हा शेवटचा प्रश्न लहान नाही. आमच्यात दहन करत नाहीत. माणूस गेला की त्याला आंघोळ घालून भस्म लावतात, पद्मासनात बसवून खड्ड्यात उतरवतात, सोबत मीठ भरतात, आणि पुढे ऐपत असेल तसा वर ओटा आणि पिंड. म्हणून आमच्या घरातला मेलेला माणूस एका जागी असतो. ती जागा माहीत असली तर तिथे महाशिवरात्रीला दिवा लागतो, माहीत नसली तर त्याचा दिवा राहून जातो. आजोबा सांगायचे, "आपल्या म्हाताऱ्याची समाधी आंभोऱ्याकडं हाय." त्यापलीकडे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आईच्या कडेवर बसून ते गावातून निघाले, मामाकडे वाढले, पुढे नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये लागले. गाव सुटलं ते सुटलंच.

पडताळणीचं काम खरं म्हणजे लवकर झालं. आजोबा ज्या शाळेत तीन-चार इयत्ता शिकले तिथलं दाखल-खारीज रजिस्टर शिल्लक होतं. त्यात जात 'गोसाई' लिहिलेली होती आणि जन्मगाव म्हणून आजच्या कुही तालुक्यातल्या एका मौजाचं नाव. समितीला तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. गावाचं नाव डोळ्यांसमोर आल्यावर गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं.

कुही हा तालुका पूर्वी नव्हता. इंग्रजांच्या काळात हा सगळा भाग उमरेड तहसिलीत होता, म्हणून कागद शोधताना आजचा तालुका विसरावा लागतो. दुसरं म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये नुसतं गावाचं नाव सांगून काही हाती लागत नाही. एकाच नावाची दोन-तीन गावं असतात. मौजाचा बंदोबस्त क्रमांक (बंदोबस्त म्हणजे इंग्रजांनी केलेली जमिनीची मोजणी आणि सारा आकारणी), पटवारी हलका, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या गावांचा गट, आणि जन्ममृत्यूसाठी गाव कोणत्या पोलीस ठाण्याखाली होतं, एवढं हातात असेल तरच कपड्यात बांधलेला योग्य बस्ता खाली उतरतो. ही माहिती मला तलाठी कार्यालयातून मिळाली आणि पुढचं सगळं काम त्या चिठ्ठीवर चाललं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी पहिला अर्ज टाकण्याआधी ही चिठ्ठी तयार ठेवावी.

आधी मागितलं ते कोतवाल बुक. मध्य प्रांतात जन्ममृत्यूची खबर ठेवायचं काम गावच्या कोतवालाचं होतं. तो बहुतेक निरक्षर असायचा. नोंद कुणाकडून तरी लिहून घ्यायची आणि ते बुक ठाण्यावर नेऊन दाखवायचं. त्यामुळे अक्षर पानापानाला बदलतं. कुठे बाळबोध, कुठे मोडी, कुठे दोन्हींची सरमिसळ. मोडी मला येत नाही. निवृत्त झालेले एक गुरुजी पडताळणीच्या कामासाठी लोकांना मोडी वाचून देतात, त्यांना सोबत येण्याची विनंती केली. ते आले, आणि केवळ आले नाहीत, माझ्याइतकेच त्यात गुंतले.

कोतवाल बुकाचं पान पहिल्यांदा पाहणाऱ्याला निराशा येते. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतंच. 'अमुक वल्द तमुक, गोसाई, यास मुलगा', एवढंच. बाळ बारशाआधी नोंदलं जायचं, मग नाव कुठून येणार? आजोबांची नोंद १९१६ मध्ये अशीच सापडली. नाव नाही, पण बापाचं नाव आणि आजाचं नाव आहे. आजाचं नाव, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं. ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी बोट ठेवून ते दोनदा वाचलं. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नसतं, 'गिर' आणि 'गीर' एकच, म्हणून दुसरीकडे तेच नाव वेगळ्या रूपात आलं तर बिचकू नका, असं त्यांनी तिथेच बजावलं. ते पुढे फार उपयोगी पडलं.

मग मृत्यूचं बुक. इथे मी वर्षवार पुढे सरकत होते आणि १९१८ चा सप्टेंबर संपला तशी पानं बदलली. आधी एका पानावर दोन-तीन महिने मावायचे. ऑक्टोबर सुरू झाला आणि एका गावाच्या एका महिन्याला पानामागून पान. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप'. खालच्या ओळींत तर तेवढंही नाही, नुसत्या रेघा ओढल्या आहेत. ही मानमोडी. इन्फ्लुएंझाची ती साथ मध्य प्रांत-वऱ्हाडात फार भयानक होती, त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. सरकारी नमुन्यात हैजा, देवी, प्लेग, हगवण यांना रकाने होते, या नव्या आजाराला नव्हता. म्हणून लाखो मरणं 'ताप' या एका शब्दाखाली गेली. तुमच्या घरातलं कुणी १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तापाने गेल्याची नोंद असेल तर ते जवळजवळ नक्की मानमोडीत गेलं असं समजा.

पणजोबांची नोंद २९ ऑक्टोबरची. वय ३०. हे वय खरं धरू नये, त्या पानावर सगळेच वीस, तीस, चाळीस, पन्नास आहेत. कोतवालाने अंदाजाने सांगितलेलं आणि लिहिणाऱ्याने गोल केलेलं. त्याच्या दोन ओळी वर, तीन दिवस आधी, त्याच घरातली एक म्हातारी: 'अमक्याची बेवा, गोसाई'. ती त्यांची आई. आणि त्याच्या खाली, दुसऱ्याच दिवशी: 'मुलगी, वय ५'.

आजोबांना बहीण होती. हे त्यांना ७० वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा त्यांच्या आईला कधी बोलता आलं नाही. पाच दिवसांत सासू, नवरा, मुलगी. उरले दोन वर्षांचा मुलगा आणि ती. मी त्या ओळीवरून पुढे जाऊ शकले नाही. गुरुजींनीही चष्मा काढून ठेवला. आम्ही त्या दिवशी पुढचं काही मागितलं नाही.

मृत्यूची तारीख मिळाली, पण कोतवाल बुकात माती कुठे दिली याचा रकाना नसतो. चर्चच्या दफन रजिस्टरात मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, वय, धंदा, कारण आणि पाद्र्याची सही हे सगळं ओळीत असतं. ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती होते त्यांचं काम त्या मानाने सोपं. आपल्याकडे मेलेल्याची जागा शोधायची तर जमिनीचे कागद धुंडाळावे लागतात. सरकारने मोजली ती जमीन, लिहिला तो शेतसारा. माणूस त्या कागदांत आला तो जमिनीला चिकटून. म्हणून कुणाची समाधी, कुणाची मसणवट, कुणाचं कबरस्तान हे सगळं आजही खसऱ्याच्या (वावरांच्या क्रमवार नोंदवहीच्या) शेऱ्यात, निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावातल्या हक्क-रिवाजांच्या नोंदीत, सापडतं. निस्तार पत्रक विदर्भातल्या गावांना असतं. गुरचराई, पाणवठे, प्रेतं पुरण्याच्या आणि जाळण्याच्या जागा त्यात लिहिलेल्या असतात. माझ्या मते पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावचं निस्तार पत्रक एकदा तरी वाचावं.

आमच्या गावच्या निस्तार पत्रकात मसणवट होती, गोसाव्यांची वेगळी जागा नव्हती. मग बंदोबस्ताची मिसल, म्हणजे त्या वेळच्या कागदांचा गठ्ठा, काढला, १८९० च्या दशकातल्या बंदोबस्ताची. खसरा वरपासून खालपर्यंत पाहिला. मालगुजाराचं (गावाचा सारा सरकारला भरणाऱ्याचं) नाव, कुणबी, तेली, महार कास्तकार, सगळे होते. आमचं नाव कुठेच नाही. गोसावी घर गावात होतं आणि त्याच्याकडे जमीनच नव्हती, असा अर्थ होत होता. मग आजोबा 'आपलं वावर' म्हणायचे ते कुठलं?

उत्तर रेकॉर्ड रूममधल्या एका अनुभवी बाबूंनी दिलं. त्यांनी माझी चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "ताई, याच्या बाजूची रिठी पाहिली का?" रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. मौजा म्हणून कागदावर जिवंत, स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र नकाशा, पण घर एकही नाही. विदर्भात अशा रिठ्या किती तरी आहेत. माणसं राहणार शेजारच्या गावात, म्हणून जन्ममृत्यू तिथल्या कोतवालाकडे, आणि वावर रिठीत, म्हणून खसरा वेगळ्या बस्त्यात. बाबूंनी स्वतः स्टुलावर चढून तो बस्ता काढून दिला.

रिठीच्या खसऱ्यात खापरपणजोबांचं नाव होतं. गुरुजींनी बजावलं होतं तसंच, वेगळ्या रूपात. नावापुढे 'माफीदार'. म्हणजे सारा माफ असलेली जमीन, दिवाबत्तीसाठी दिलेली. भोसल्यांच्या राज्यात गोसाव्यांना अशा माफ्या मिळालेल्या होत्या. नागपुरात तर गोसावी मोठे सावकार होते, पण आम्ही त्यातले नव्हतो, आमच्याकडे एक वावर आणि एक दिवा. राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांनी या माफ्यांची चौकशी करून काही चालू ठेवल्या, काही हयातीपुरत्या. आणि त्या खसऱ्याच्या शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, फिकट शाईत: 'समाधी १, चिंच २'.

मी तिथेच मोठ्याने "मिळाली" म्हणाले. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "मिसल कोणत्या सालची?" शेरा लिहिला गेला तेव्हा पणजोबा फार तर पाच-सात वर्षांचे असतील, ते गेले १९१८ मध्ये. तेव्हा ही समाधी त्यांची असणं शक्य नव्हतं. त्यांच्या वडिलांचीही नाही, कारण वडील तर माफीदार म्हणून त्याच ओळीत जिवंत होते. ती त्यांच्याही आधीच्या कुणाची तरी. कागदाने एक पिढी आणखी मागे नेलं आणि ज्याला शोधत होते तो अजून बाहेरच होता.

हयातीपुरत्या माफीला एक सोय असते, म्हणजे शोधणाऱ्याच्या दृष्टीने. माफीदार मेला की सरकारला ठरवावं लागतं, माफी पुढे चालवायची की साऱ्याला लावायची. त्यासाठी चौकशी होते, वारस कोण, सेवा चालू आहे का, पटवाऱ्याचा रिपोर्ट येतो, जबाब होतात. म्हणजे एका मरणावर आख्खी फाईल. खापरपणजोबा आणि पणजोबा दोघांच्या वेळी ती झाली असणार, असा अंदाज बांधून जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात माफी प्रकरणांसाठी अर्ज टाकला. एका ठिकाणी 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी मिळालं. त्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या शाखेत, दुसऱ्या वर्षाखाली पुन्हा अर्ज दिला आणि १९१९ ची फाईल निघाली. पातळ, दोऱ्याने ओवलेली, वाळवीने एक कोपरा खाल्लेला.

त्यातला पटवाऱ्याचा रिपोर्ट गुरुजींनी वाचला तो मी शब्दशः लिहून घेतला. माफीदार मागील साली तापाच्या साथीत मयत झाला. घरातील इतर माणसेही मयत. मयतास माफीच्या वावरात जुन्या समाधीचे दक्षिणेस पुरले असून वर दगड ठेविले आहेत. वारस मुलगा अज्ञान, त्याची आई त्यास घेऊन भावाकडे गेली आहे. दिवाबत्ती बंद. खाली तिच्या भावाचा अंगठा, आणि त्याचं गाव: पवनी ठाण्याखालचं एक मौजा. शेवटच्या पानावर हुकूम. माफी बंद, जमीन साऱ्याला लावावी.

आमचं वावर कुणी हडपलं, अशी एक कुरबुर घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. तसं काही झालेलं नव्हतं. दिवा लावणारं कुणी उरलं नाही म्हणून माफी गेली. काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी इतकंच म्हटलं, "म्हणजे भांडायचं कोनाशी नव्हतं आपल्याले."

आता जागा. जुना खसरा क्रमांक आजच्या भूमापन क्रमांकाशी जुळवण्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या क्रमांकांचं पत्रक आणि गावनकाशा घेतला. मग महाभूलेखवर सातबारा उघडला आणि पोटात गोळा आला. जमिनीचा खालचा हिस्सा गोसेखुर्द प्रकल्पासाठी संपादित. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि वैनगंगेच्या पाण्याखाली कुही, भिवापूर, पवनीकडची किती तरी गावं गेली. मी भूसंपादनाचा निवाडा मागवला. संयुक्त मोजणीच्या तक्त्यात झाडं, विहिरी, बांधकामं एकेक करून लिहिलेली असतात, कारण प्रत्येकाचा मोबदला ठरतो. संपादित हिश्श्यात आठ झाडं होती, ओटा किंवा समाधी नव्हती. म्हणजे असेल तर वरच्या हिश्श्यात.

दादा, काका आणि मी गेलो ते धान कापून झाल्यावर. आंभोऱ्याला आधी चैतन्येश्वराचं दर्शन घेतलं, तिथून रिठीकडे पांधणीने पायी. वावर आता एका कुणबी घराकडे आहे. घरच्या म्हाताऱ्यांना कागद दाखवायची गरजच पडली नाही. समाधी म्हणताच ते उठले. "महाराजाची ना? चाला." धुऱ्याला लागून एक चिंच, दुसरीचं खोड. खाली चुन्याने पोतलेला ओटा, त्यावर झिजलेली पिंड. आणि त्याच्या दक्षिणेला, चार-पाच हातांवर, मातीत अर्धे बुडालेले दगड, चौकोनात रचलेले. त्यांच्यावर चुना नाही, पिंड नाही.

"हे?" मी विचारलं.

"हे बी आहे म्हनत आमचा बुढा. त्याच्यावर नांगर नेऊ नोको म्हने. कोनाची हाये, ते त्यालेबी ठाऊक नवतं. पन सोडून वाहतो आमी."

शंभर वर्षं दोन-तीन पिढ्यांनी तेवढी जागा सोडून नांगर फिरवला होता. वावर त्यांचं, मृत माणूस आमचा, आणि ओळख शून्य. काकांनी त्यांचे पाय धरायला हात पुढे केले, त्यांनी धरू दिले नाहीत. दर महाशिवरात्रीला ते मोठ्या ओट्यावर दिवा लावतात. यंदा आम्ही दोन लावले, त्यांच्याच घरच्या तेलाचे.

ओटा बांधावा असं दादाचं म्हणणं आहे, वावरवाल्यांची ना नाही. त्यावर काय लिहायचं यावर घरात बोलणं झालं. मी एवढंच आग्रहाने सांगितलं की कागदात आहे तेवढंच कोरावं: नाव, २९ ऑक्टोबर १९१८, वडिलांचं नाव. वय लिहायचं नाही. मोठ्या समाधीवर तर काहीच लिहायचं नाही, कारण ती कुणाची हे सांगणारा कागद अजून हाती नाही. आणि खापरपणजोबा स्वतः कुठे आहेत, हा प्रश्न उभाच आहे. त्यांच्या मरणावरची माफीची फाईल निघायची आहे.

त्या दगडांच्या खाली किंवा जवळपास ती पाच वर्षांची मुलगी असावी, असं मला राहून राहून वाटतं. लहान मुलांवर समाधी बांधत नाहीत. पटवाऱ्याने तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही, तिच्या आजीबद्दलही नाही. 'घरातील इतर माणसे' यातच त्या दोघी आल्या. १९१३ च्या जन्माच्या बुकात तिची नोंद आहे: 'यास मुलगी'. जन्माला नाव नाही, मरणाला नाव नाही.

आणि पणजी. तिचंही नाव एकाही कागदात नाही. कोतवाल बुकात ती नाही कारण ती तेव्हा वाचली, खसऱ्यात नाही कारण वावर तिच्या नावे नव्हतं, माफीच्या फाईलीत ती 'त्याची आई' आहे. आजोबा तिला बाई म्हणायचे, म्हणून घरात सगळेच बाई म्हणायचे. पण तिच्या भावाचा अंगठा त्या फाईलीत आहे, त्याचं नाव आहे, मौजा आहे. त्या गावचा बंदोबस्त क्रमांक मी काढला. ते पूर्वीपासून भंडारा जिल्ह्यात. त्या ठाण्याची कोतवाल बुकं कुठे ठेवली आहेत याची चौकशी झाली आहे. बहिणीच्या जन्माला 'मुलगी' एवढंच लिहिलेलं असेल हे ठाऊक असूनही १८८५ ते १९०० या वर्षांच्या नकलांसाठी अर्ज दिला आहे. तिथे बापाचं नाव मिळालं, की त्या घराचं वावर शोधायचं.